लगतचे खातेदार गैरहजर

मानवी ज्ञानाच्या इतिहासात असा एक क्षण येतो, की पृथ्वीच्या पाठीवरचा शेवटचा अनोळखी कोपरा आपला पडदा बाजूला सारतो आणि माणसासमोर दगडन्‌दगड उघडा होऊन उभा राहतो. मिनेसोटातल्या ईडन प्रेरी या उपनगरात हा क्षण १४ फेब्रुवारी २००२ रोजी, गुरुवारी, दुपारी दोन वाजता येणार होता. राजेशने तशी मीटिंगच टाकली होती. दोन ते तीन. तीन वाजता त्याला दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं.

क्षण आला नाही. दरीत जिना निघाला.

जिना शोधला कुशल मेश्रामने, आणि त्याबद्दल त्याचं कोणी अभिनंदन केलं नाही. कुशल नागपूरचा, वय एकतीस. नॉर्थलाइन मॅपिंग नावाच्या कंपनीत तो तीन वर्षं होता. विमानातून लेझरने जमीन मोजायची आणि त्या आकड्यांचा नकाशा करायचा, हा कंपनीचा धंदा. विमान दुसऱ्यांचं, आकडेमोड नॉर्थलाइनची. एरवी कामं यायची ती हायवेची, नाहीतर विजेच्या तारांची. यंदा मात्र अंटार्क्टिकातली एक दरी मिळाली होती. अंटार्क्टिका म्हटलं की सगळा बर्फ असं आपण धरून चालतो, पण या दरीत बर्फ जवळजवळ नव्हताच. नुसती गार, कोरडी माती आणि दगड. लाखो वर्षांत तिच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं, आणि आता ती दहा सेंटिमीटरपर्यंत अचूक हवी होती.

डिसेंबरात, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात, विमान त्या दरीवरून शेत नांगरावं तसं उडालं. एक तास घालायचं, वळायचं, शेजारी दुसरं तास. असे अडतीस पट्टे. पोटातला लेझर सेकंदाला पाच हजार वेळा जमिनीला टोचत होता. एकूण अठ्ठावीस कोटी ठिपके ईडन प्रेरीत येऊन पडले. पट्टे शेजारी शेजारी ठेवले की दरी तयार व्हायला हवी होती. त्यासाठी पट्ट्यांच्या कडा एकमेकींना जुळणं एवढीच काय ती अट होती.

त्या जुळत नव्हत्या. कुठे वीतभर, कुठे हातभर.

"जिना म्हणजे नक्की काय?" राजेशने विचारलं. राजेश पुण्याचा, कुशलचा मॅनेजर. मीटिंगरूमच्या टेबलावर दोन्ही कोपरं रोवून तो बसला होता. हे टेबल जानेवारीपर्यंत भयंकर डुगडुगायचं. राजेशने स्वतः त्याचा बंदोबस्त केला होता, आणि त्या तिमाहीतली त्याची पूर्ण झालेली कामगिरी ती तेवढीच.

"म्हणजे सातव्या पट्ट्यावरून आठव्यावर जायचं तर हातभर खाली उडी मारावी लागते."

"पण दिसतंय तर मस्त यार. कलर्स बघ ना."

"कलर्स मी दिलेत."

"मग आठवा पट्टा उचलून सातव्याला चिकटव."

"चिकटवला. मग नववा आठव्याला, दहावा नवव्याला. असे सगळे चिकटवले."

"मग?"

"दरीच्या त्या टोकाला शास्त्रज्ञांची एक झोपडी आहे. तिची उंची त्यांना पक्की माहीत आहे. आपल्या नकाशात ती झोपडी नऊ मीटर वर गेली."

राजेशने थोडा वेळ नऊ मीटरचा विचार केला. "मग स्मूथ कर ना. थोडा ब्लर मार, कडा निघून जातील. कोण जाणारे तिथे टेप घेऊन?"

"डॉक्टर हॅल्व्हर्सन जातात. दर वर्षी. टेप घेऊन."

डॉ. हॅल्व्हर्सन म्हणजे गिऱ्हाईक. साठीच्या बाई, दुलुथच्या, ध्रुवावरच्या मातीवर हयात घातलेल्या. राजेशने त्यांना फोन करून क्षण पुढे ढकलला. "मंगळवारी सकाळी दहा," फोन ठेवत तो म्हणाला. "सोमवारी सुट्टी आहे, म्हणजे तुला पूर्ण चार दिवस मिळतात. आणि कुशल, मी सांगायला नको, पण सांगतो. जानेवारीत वरच्यांनी अकरा जणांना काढलं. हे प्रोजेक्ट गेलं तर बारावा माणूस शोधायला त्यांना लांब जावं लागणार नाही."

बारावा माणूस स्वतःच्या खुर्चीत येऊन बसला. त्याचा व्हिसा नोकरीला टाचणीने टोचलेला होता. टाचणी निघाली की दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस कायद्याने पर्यटकही उरत नसे. ग्रीन कार्डाचे कागद वकिलाच्या ड्रॉवरमध्ये होते, आणि तो ड्रॉवर राजेशच्या सहीशिवाय उघडत नव्हता.

घरी आणखी एक मोजणीदार होता. कुशलचे वडील शंकरराव भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झाले होते. चौतीस वर्षं त्यांनी साखळी आणि फलक घेऊन भंडारा-पवनीकडची शेतं मोजली. ऑक्टोबरात ते सहा महिन्यांसाठी मुलाकडे आले. कुशलच्या आई, राधाबाई, आल्या नाहीत. तिकडे बर्फ पडतो हे कळल्यावर त्या म्हणाल्या, तुम्ही जाऊन बघा, मला फोनवर सांगा.

ईडन प्रेरीत शंकररावांना करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्यांनी मोजायला घेतलं. घर मोजलं. गॅरेज मोजलं. डिसेंबरात कानटोपी घालून मागचं आवार पावलांनी मोजलं आणि आत येऊन सुनेला सांगितलं, "दीक्षा, शेजाऱ्याचं कुंपण आपल्यात चार इंच आलं आहे."

"बाबा, प्लीज," दीक्षा म्हणाली, "हे त्यांच्याशी बोलू नका."

"बोलत नाही. पण असू दे तुझ्या माहितीत."

तेव्हापासून ते शेजाऱ्याकडे बघून हात हलवायचे ते किंचित आखडूनच.

मुलगा अंटार्क्टिका मोजतोय हे कळलं तेव्हा त्यांना खूप आनंद झाला होता. त्यांनी चौकशी केली ती अर्थात पद्धतीला धरून.

"अर्ज कोणाचा?"

"शास्त्रज्ञांचा."

"लगतचे खातेदार?"

लगतचे खातेदार म्हणजे शेजारच्या जमिनीचे मालक. त्यांना नोटीस दिल्याशिवाय आणि त्यांना बांधावर उभं केल्याशिवाय शंकररावांनी आयुष्यात साखळी उलगडली नव्हती.

"शेजारी कोणी नाही, बाबा. मालकही नाही."

"मग भांडण कोणाचं?"

"भांडण नाहीच."

"भांडण नाही तर मोजता काहून?" शंकररावांनी विचारलं. याचं उत्तर डॉ. हॅल्व्हर्सनजवळही एका वाक्यात नव्हतं. त्यांच्या अर्जात त्याला चाळीस पानं लागली होती.

शुक्रवार गेला. शनिवारी कुशलने पट्टे उजवीकडून डावीकडे जोडून पाहिले. झोपडी जागेवर राहिली, पण दरीचं दुसरं टोक नऊ मीटर खचलं. मग मधून दोन्हीकडे जोडत गेला, तर दरी तराजूसारखी एका अंगाला वर आणि दुसऱ्या अंगाला खाली गेली. रविवारी दुपारी तो जेवायला बसला, आणि वाटीतल्या वरणाच्या पातळीकडे बघत राहिला.

"कुशल, जेव," दीक्षा म्हणाली.

"राजेश म्हणतो ते करून टाकतो. ब्लर. कोणाला कळणार नाही."

"हॅल्व्हर्सनबाईंना कळेल, असं तूच म्हणालास ना?"

"कळेल. पण मंगळवारी नाही कळणार. जूनमध्ये कळेल. तोपर्यंत आपले कागद पुढे गेलेले असतील."

दीक्षा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायची. रिपोर्ट जुळला नाही तर तिथे तो ब्लर करत नसत, रक्त पुन्हा घेत. पण हे तिने बोलून दाखवलं नाही, कारण तिचाही व्हिसा कुशलच्या टाचणीलाच लटकलेला होता.

शंकररावांनी ताटातला भात एका बाजूला सारला. "तू कसं जोडलं, ते सांग."

"बाबा, ते वेगळं असतं. विमान, लेझर..."

"वेगळं असू दे. सांगून पाह्य."

कुशलने सांगितलं. शंकरराव ऐकत होते. झोपडी नऊ मीटर वर गेली या ठिकाणी ते हसले.

"हसताय काय?"

"माझा एक माणूस नदीत गेला होता," शंकरराव म्हणाले. "पवनीकडचं गाव. नोकरीला सहा महिने झाले होते. ओळीने एकवीस शेतं. मी पहिलं मोजलं, त्याच्या बांधावरून दुसरं, त्याच्या बांधावरून तिसरं. दर बांधावर वीतभर चूक. वीतभर म्हणजे काय, साखळीला झोल पडतो, माणूस उन्हात घाईवर येतो. संध्याकाळी शेवटच्या माणसाजवळ पोहोचलो, तर त्याचं शेत वैनगंगेत. कागदावर म्हणतो मी. तो माणूस पाहत राहिला. म्हणे, साहेब, मी आता मासोळ्या पेरू काय?"

"मग?"

"मग आमचे निरीक्षक आले. ते म्हणाले, मेश्राम, तू शेजाऱ्याला विचारून शेजारी ठरवत चालला. शेजारी खोटं बोलतो. आडवी साखळी टाक. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच सरळ रेघ, सगळ्या शेतांच्या पोटातून. मग एकेकाला त्या रेघेपाशी बोलाव. एकमेकांपाशी नाही, रेघेपाशी. एकवीसच्या एकवीस शेतं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जागेवर बसली. तू आडवी साखळी टाकली काय?"

"नाही."

"काहून?"

"टाकता येत नाही म्हणून. विमानाने उभेच पट्टे मारलेत. आडवं एकही नाही. आता पुन्हा उडायचं तर पुढच्या डिसेंबरात."

"एकदाही आडवं गेलं नाही?"

"नाही."

"मग घरी कसं आलं?"

"कोण?"

"विमान. शेवटचं तास संपलं त्या कोपऱ्यात. त्याचा मुक्काम कुठं होता?"

"ह्या कोपऱ्यात," कुशल म्हणाला, आणि ताटात बोटाने दाखवायला गेला. वरणभातातून तिरकी रेघ उमटली. "पण येताना लेझर बंद असतो, बाबा. नियमच आहे..." आणि इथे कुशल मेश्राम जेवता जेवता उभा राहिला.

झालं होतं ते असं. करारात पट्टे अडतीस लिहिलेले होते, आणि आल्या एकोणचाळीस टेपा. एकोणचाळिसाव्या टेपसोबत पायलटची चिठ्ठी होती, की परतताना लेझर बंद करायला विसरलो, सॉरी. सरकारी नोकराच्या घरात वाढलेला माणूस अशा वेळी जे करेल तेच कुशलने केलं. मंजूर अडतीस आहेत, आले एकोणचाळीस, तेव्हा वरचा एक बाजूला. टेप न उघडता त्याने तिच्यावर स्केचपेनने ठसठशीत मराठीत लिहिलं होतं, 'नामंजूर'.

"टेप कुठे आहे?" दीक्षाने विचारलं.

"ऑफिसात," कुशल म्हणाला. "म्हणजे होती."

सोमवारी सकाळी बाहेर उणे सोळा होतं. ऑफिसला सुट्टी. दीक्षाने डबा भरून दिला आणि दाराशी येऊन म्हणाली, "मिळाली की फोन कर. नाही मिळाली तरी कर." बापलेक निघाले. शंकररावांनी थर्मल, स्वेटर, कुशलचं जुनं जाकीट, मफलर आणि कानटोपी असा पोशाख केला होता. खिशात निवृत्त झाल्यावरही न सुटलेली पेन्सिल होती.

जुन्या टेपांचं कपाट कुशलने आधी पालथं घातलं. मग 'पुन्हा वापरा' लिहिलेलं खोकं. मग राजेशच्या टेबलाचे खण, ज्यात तीन च्युइंगगमची पाकिटं आणि नेतृत्वगुणांवरचं एक पुस्तक निघालं. एक ते अडतीस टेपा होत्या. एकोणचाळीस नव्हती. अकरा वाजले. कुशलने राजेशच्या घरी फोन लावला.

"नामंजूर? मराठीत लिहिलेली?" राजेश म्हणाला. मागे टीव्ही चालू होता. "आहे ना. ती वेस्ट होती ना रे? मी यूज केली."

"तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड केलंस?"

"रेकॉर्ड कुठे? मीटिंगरूमच्या टेबलाखाली आहे. डाव्या पायाखाली. एक्झॅक्ट हाइट आहे तिची, मी चार गोष्टी ट्राय केल्या होत्या."

शंकररावांनी टेबल एका बाजूने उचललं, वयाच्या मानाने सहज, आणि कुशलने खाली वाकून टेप ओढून काढली. प्लास्टिकच्या डबीवर टेबलाच्या पायाचा गोल वळ उमटला होता. आतली फीत शाबूत होती. टेबल खटकन कलंडलं.

"अक्षर माझ्यावर गेलं," लेबलाकडे बघत शंकरराव म्हणाले. "पण शेरा मारायच्या आधी कागद वाचावा, हे मी सांगितलं नव्हतं काय तुला?"

टेप वाचायला पाऊण तास लागला. एकोणचाळिसावा पट्टा पडद्यावर आला तेव्हा त्याच्या दिसण्यात अभिमान वाटावा असं काही नव्हतं. पायलट घरी चालला होता आणि ते त्याच्या उडण्यात दिसत होतं. पट्टा कुठे रुंद, कुठे अरुंद, मध्ये एका ठिकाणी बहुधा चहा घेतल्यासारखा वळलेला. पण तो दरीच्या एका कोपऱ्यातून निघून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत गेला होता. वाटेत त्याने अडतीसच्या अडतीस पट्टे कापले होते, आणि सुरुवातीलाच तो थेट त्या झोपडीवरून गेला होता.

"आधी दगड," शंकरराव म्हणाले.

"कुठला दगड?"

"ज्याच्यावर कोणाचं भांडण नाही असा एक दगड पाहिजे. त्याच्याशिवाय साखळी कशाला बांधशील?"

झोपडीपाशी खडकात पितळी चकती ठोकलेली होती आणि तशीच दुसरी दरीच्या वरच्या अंगाला. दोन्हींची उंची पक्की. कुशलने आडवा पट्टा दोन चकत्यांना बांधला. मग शेजाऱ्याशी असलेले सगळे जुने जोड तोडून टाकले आणि एकेक पट्टा स्वतंत्रपणे त्या आडव्या रेघेपाशी बोलावला. आकडेमोड सुरू केली. मशीनने सांगितलं, चार तास.

चार तास बापलेकांनी कलंडलेल्या टेबलापाशी बसून काढले. डब्यात पोळी, वांग्याची भाजी आणि ठेचा होता. शंकररावांनी ठेचा खात अंटार्क्टिकाबद्दल बारीक चौकशी केली. तिथे पाऊस किती, पाणी कुठून येतं, कुत्री आहेत का. कुशल उत्तरं देत होता आणि दर दोन मिनिटांनी पडद्याकडे बघत होता. साठ टक्के झाले. एकसष्ट झाले. एकसष्टवर बराच वेळ राहिले.

"तुम्हाला कधी सांगितलं होतं का बाबा, साखळी थोडी सरकवा म्हणून?"

"दर आठवड्याला. कोणी चहा पाजून सांगे, कोणी नुसतं डोळे वटारून सांगे. काही जण तर मला अंगणाबाहेर उभं करत आणि आतूनच सांगत."

"मग तुम्ही काय करत होता?"

"मोजत होतो," शंकरराव म्हणाले. "बाहेर उभं केलं म्हणून साखळी आखूड होत नाही."

साडेचार वाजता आकडेमोड संपली. पडद्यावर एक आकडा आला. पट्ट्यांमधला सरासरी फरक, सहा सेंटिमीटर.

कुशलने तो तीनदा वाचला. मग बटण दाबलं, आणि दरी आली.

जिना गेला होता. एक सलग, राखाडी, तिरप्या उन्हात अंग शेकत पडलेली दरी पडद्यावर पसरली. उतारावरून गोठलेल्या ओढ्यांच्या शिरा खाली आलेल्या. दगड वेगवेगळे मोजता येत होते आणि दर दगडाला स्वतःची सावली होती. एका ठिकाणी पुरुषभर लांबीचा उंचवटा होता. तो किनाऱ्यापासून वाट चुकून आलेला एक सील, मरून कित्येक शतकं तसाच सुकलेला. आणि सगळ्या तळावर, कोसच्या कोस, जमिनीवर रेघा. एकमेकींना छेदणाऱ्या, नीट, पाच-सहा कोनांचे तुकडे पाडणाऱ्या. कुशल उभा राहिला आणि रिकाम्या ऑफिसात ओरडला. काय ओरडला ते त्याला नंतर आठवलं नाही. मग त्याने टाळ्या वाजवल्या. मग वडिलांना मिठी मारली, जी त्यांच्या घरात लग्नाच्या दिवशीही कोणी मारली नव्हती.

"हौ, हौ," शंकरराव म्हणाले आणि मिठीतून मान बाहेर काढून पडद्याकडे बघू लागले. "हे बांध कोणी घातले?"

"थंडीने. जमीन आकसते, भेगा पडतात. हजारो वर्षं."

"थंडी चांगली मोजणीदार आहे," शंकरराव म्हणाले. त्यांनी बोट एका तुकड्यावर ठेवलं, मग शेजारच्या, मग त्याच्या शेजारच्या. "आणि सातबारा कोणाच्या नावे?"

"कोणाच्याच नाही, बाबा. सांगितलं ना."

"एवढ्यातला एकही तुकडा?"

"एकही नाही."

शंकररावांनी कानटोपी काढून हातात घेतली. "म्हणजे इथं माणसाला कोणी हटकणार नाही," ते म्हणाले.

कुशलने घरी फोन लावला. दीक्षाने पहिल्याच रिंगला उचलला. "सहा सेंटिमीटर," तो म्हणाला. पलीकडून ती ओरडली तेही शेजाऱ्याने ऐकलं असणार, त्या चार इंचांपलीकडून.

मंगळवारी दहाला डॉ. हॅल्व्हर्सन आल्या. टेबल पुन्हा डुगडुगत होतं. शंकररावांनी कुशलबरोबर ऑफिसात यायचा हट्ट धरला होता, कारण मोजणीच्या वाचनाला मोजणारा हजर पाहिजे. त्यांनी आपली कानटोपी चार घड्या करून डाव्या पायाखाली सारली. टेबल थांबलं. राजेशने त्यांच्याकडे प्रथमच आदराने पाहिलं. "काका, परफेक्ट," तो म्हणाला.

डॉ. हॅल्व्हर्सननी बॅगेतून एक चुरगळलेली वही काढली. तीन उन्हाळे त्या दरीत गुडघ्यांवर बसून त्यांनी स्वतः एकेचाळीस जागा मोजल्या होत्या, आणि त्या कोणालाही सांगितलेल्या नव्हत्या. त्या एकेक आकडा वाचत गेल्या. कुशल नकाशातला आकडा सांगत गेला. फरक चार सेंटिमीटर. सात. पाच. दोन. नऊ. राजेशचे ओठ प्रार्थना केल्यासारखे हलत होते. सव्विसावी जागा आली.

"बासष्ट सेंटिमीटर," कुशल म्हणाला.

बाईंनी वही जवळ नेली, लांब नेली. राजेशने कुशलकडे असं पाहिलं, की बारावा माणूस आता अगदी जवळच होता. शंकररावांनी कुशलला कोपराने ढोसलं. "विचार, तिथं काय ठेवलं होतं."

कुशलने विचारलं. डॉ. हॅल्व्हर्सन अशा हसल्या की टेबल कानटोपीसकट हललं. विमान आलं त्या आठवड्यात, त्याच जागेवर, त्यांनी बिस्किटांचं खोकं ठेवलं होतं. खोक्याची उंची बासष्ट सेंटिमीटर. त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि त्यांनी कुशलचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. पंचवीस वर्षं या दरीत चालते आहे, त्या म्हणाल्या, पण दरी आज पाहिली. मग त्यांनी विचारलं, पट्टे जुळवले कसे?

"आमची टीम..." राजेशने सुरुवात केली.

"माझ्या वडिलांनी," कुशल म्हणाला.

त्यानंतरचं सगळं विजयी आहे आणि थोडक्यात सांगण्यासारखं आहे. राजेशने त्याच दुपारी वकिलाच्या कागदांवर सही केली. ड्रॉवर उघडला. बारावा माणूस शोधायची मोहीम तहकूब झाली. संध्याकाळी दीक्षाने श्रीखंड केलं, आणि राजेश जेवायला आला तो तीनदा वाटी पुढे करून म्हणाला की आडवी साखळी हा एक जबरदस्त मॅनेजमेंट कन्सेप्ट आहे. नागपूरला फोन गेला. राधाबाईंनी सगळं ऐकून विचारलं, म्हणजे आता थंडी कमी झाली का?

शंकररावांना मात्र नकाशाची प्रत हवी होती. कुशलने ती मोठ्या कागदावर छापून आणली. त्यांनी ती जेवणाच्या टेबलावर पसरली, चष्मा पुसला आणि उजव्या कोपऱ्यात, चौतीस वर्षं लिहीत आले तसं, पेन्सिलीने लिहिलं: 'मोजणी केली. हद्दी दाखवल्या. लगतचे खातेदार गैरहजर. हरकत नाही.' खाली सही आणि तारीख. डॉ. हॅल्व्हर्सननी ती प्रत मागून घेतली, ओळी कशाच्या आहेत ते समजून घेतलं आणि दुलुथच्या आपल्या खोलीत भिंतीवर लावली.

कुशलने अखेरचा अहवाल प्रामाणिकपणे लिहिला. दहाव्या पानावर त्याने स्पष्ट नमूद केलं, की परतीच्या प्रवासात लेझर चुकून चालू राहिला नसता तर हा नकाशा झालाच नसता. विमान चालवणाऱ्या कंपनीत हा अहवाल काळजीपूर्वक वाचला गेला. एप्रिलमध्ये त्यांची नवी नियमावली आली. कलम नऊ: परतीच्या प्रवासात लेझर बंद असल्याची खात्री आता दोन माणसांनी करायची आहे. पायलटला लेखी ताकीद देण्यात आली.